दुसरा गोलकीपर

गोव्याचा माणूस ग्वाल्हेरला जातो म्हटले की लोक दोनच कारणे धरून चालतात. एक गाणे, दुसरे इतिहास. गाण्याचे कारण सांगायलाच नको. ज्या गावाच्या नावाने घराणे चालते तेथे आमच्यासारख्या भजनी सप्ताहात वाढलेल्या माणसाने एकदा तरी डोके टेकवून यावे. इतिहासाचे कारण थोडे कमी लोकांना ठाऊक असते. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा हे पेडणे महालातल्या केरीचे केरकर. तेरेखोलच्या काठचा माणूस चंबळेच्या मुलखात जाऊन फौजा हाकत होता, हे वाचल्यापासून तो मुलूख पाहायचा मनात होते. २०२४ च्या दिवाळीनंतर एलटीसीचा योग जुळून आला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पत्नीचे मामा राहतात, त्यामुळे उतरण्याचीही सोय झाली.

गेलो होतो गाण्यासाठी आणि बक्षींसाठी, परत आलो तो हॉकी डोक्यात घेऊन. त्याचीच ही हकीकत.

लष्कर हे नावच मुळी छावणीचे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि उठलाच नाही, त्याचे शहर झाले. त्या तळाबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी मामांचे घराणे एक. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांचे मराठी ऐकायला गोड, पण मधूनच हिंदीच्या अंगाने वळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "जावईबापू, चला, पोहे-जलेबी खाऊन येऊ. येता येता तुम्हाला एक जागा दाखवतो."

ती जागा म्हणजे कॅप्टन रूपसिंह स्टेडियम. मी लगेच माझे ज्ञान पाजळले. "येथेच सचिनने २०० केल्या ना?" २४ फेब्रुवारी २०१०, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक. त्या दिवशी आमच्या कार्यालयात शेवटच्या काही षटकांत एकही फाईल हलली नव्हती, हे मला पक्के आठवते.

मामांचा चेहरा उतरला. "जो येतो तो हेच म्हणतो. अहो, रूपसिंह कोण ते सांगा की!"

मला एवढेच सांगता आले की ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. मामा म्हणाले, "बघा. म्हणजे पुन्हा दुसरा नंबरच."

आधी हे हॉकीचे मैदान होते. हॉकीपटूचे नाव दिलेले मैदान पुढे क्रिकेटचे झाले, नाव तेवढे राहिले. आम्ही गेलो तेव्हा तर क्रिकेटही तेथून हलले होते. शहराबाहेर शंकरपूरला माधवराव शिंद्यांच्या नावाचे नवे स्टेडियम झाले आणि महिन्याभरापूर्वीच, ६ ऑक्टोबर २०२४ ला, तेथे भारत-बांगलादेश सामना झाला होता. जुन्या फाटकापुढे त्या सकाळी आम्ही दोघे आणि एक कुत्रा, एवढेच होतो.

रूपसिंह जन्माने जबलपूरचे, १९०८ चे. वडील ब्रिटिश फौजेत. कुटुंब झाशीला स्थिरावले आणि झाशी ते ग्वाल्हेर हे अंतर काही फार नाही. उत्तरेकडे हॉकी पसरली ती छावण्यांच्या मार्गाने. झाशी, मोरार, महू या सगळ्या फौजेच्या वस्त्या. संस्थानिकांनाही आपल्या फौजेत चांगले खेळाडू असावेत अशी हौस असे. रूपसिंह ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करात नोकरीला लागले, कॅप्टन झाले आणि १६ डिसेंबर १९७७ ला ग्वाल्हेरातच वारले. मामांनी लहानपणी त्यांना रस्त्याने जाताना पाहिले आहे. "वडील बोट दाखवून म्हणायचे, ते बघ, ज्यांनी अमेरिकेवर १० गोल केले."

ते खरेच आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीचे संघ फक्त तीन होते, भारत, जपान आणि अमेरिका. मंदीचे दिवस, इतक्या लांब संघ पाठवायचा खर्च कोणाला परवडणार? रूपसिंहांकडे तर बोटीवर न्यायला धड कपडे नव्हते, म्हणून ते जायलाच तयार नव्हते आणि थोरल्या भावाने पदरचे पैसे घालून त्यांना कपडे शिवून दिले, असे सांगतात. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ असे हरवले. अमेरिकेवरच्या २४ गोलांत रूपसिंहांचे १० आणि ध्यानचंदांचे ८. दोन्ही सामने मिळून धाकट्याचे १३, थोरल्याचे १२. ऑलिंपिकच्या एका सामन्यात १० गोल करणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही.

या आकड्यांत मी वर्षानुवर्षे गोल करणाऱ्यांकडेच पाहत आलो. दोन्ही निकालांच्या उजव्या अंगाला जो १ आहे तो कोणाच्या नावावर, हे कधी मनातही आले नव्हते. ते आले त्या संध्याकाळी, बाड्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी.

महाराज बाडा हा लष्करचा मध्यबिंदू. तेथे मामांचा रोजचा कट्टा जमतो. मामा, एक निवृत्त पीटी मास्तर आणि बँकेत नोकरीला असलेला, विद्यापीठाच्या संघातून खेळलेला एक तरुण. बोलणे हिंदीत चालले होते, मी मराठीत सांगतो. विषय होता गोली. गोली म्हणजे गोलकीपर, आपला गोलरक्षक.

त्याला निमित्त होते. ८ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्पेनला २-१ असे हरवून भारताने कांस्यपदक घेतले आणि पी. आर. श्रीजेश निवृत्त झाला. हॉकी इंडियाने त्याच्या १६ नंबरच्या जर्सीलाही निवृत्त केले. आता पुढे कोण, हा प्रश्न देशभर जेथे जेथे हॉकी समजते तेथे चघळला जात होता. हॉकी समजते अशी ठिकाणे आता फार नाहीत, पण ग्वाल्हेर त्यांतले एक आहे. भारतीय संघाच्या प्रशिक्षकांतला शिवेंद्र सिंह हा तिथलाच, जुना आघाडीचा खेळाडू. त्यामुळे कट्ट्यावरची मंडळी घरातल्या लग्नाची यादी ठरवावी तशी संघाची यादी ठरवत होती.

पीटी मास्तरांचे म्हणणे असे, की गोली कधी बदलायचा नसतो. बचावफळीला मागून येणाऱ्या आवाजाची सवय झालेली असते. सरक म्हटले की सरकायचे, सोड म्हटले की सोडायचे. आवाज बदलला की पाय अडखळतात. म्हणून जो पहिला आहे त्यालाच खेळवायचे आणि दुसऱ्याने वाट पाहायची.

बँकेतल्या तरुणाचे गणित वेगळे. ऑलिंपिकचा संघ १६ जणांचा. पुढच्या खेळाडूंना दर काही मिनिटांनी आत-बाहेर करावे लागते, इतका हल्ली वेग आहे. त्या १६ मध्ये दोन गोली घेतले तर एक जागा बाकावर वाया जाते. "पॅरिसमध्ये आपल्याला काय कमी पडले?" त्याने विचारले. "गोली नाही, बचावपटू!" उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. पुढचा बहुतेक सामना १० जणांनी काढला आणि शूटआऊटमध्ये श्रीजेशने तारून नेले. पण कार्डाची शिक्षा पुढच्या सामन्यालाही लागली. जर्मनीशी उपांत्य सामना आपण १५ जणांनी खेळलो आणि २-३ असे हरलो. राखीव म्हणून तीन खेळाडू पॅरिसला नेलेले होते, जुगराज सिंह, नीलकांत शर्मा आणि गोली कृष्ण बहादूर पाठक. पण निलंबित खेळाडूच्या जागी राखीव घेता येत नाही. जुगराज हा बचावपटू आणि पेनल्टी कॉर्नरचा हुकमी मारणारा, तो नुसताच पाहत राहिला.

"आणि पाठक?" मामा म्हणाले. "त्याचे कोणी नाव काढते का? टोकियोला राखीव, पॅरिसला राखीव. दोन ऑलिंपिक, दोन कांस्यपदके, आणि त्याचा पाय एकदाही मैदानाला लागला नाही. आता श्रीजेश गेल्यावर म्हणतात, पाठकला अनुभव नाही! अरे, अनुभव काय रेशनवर मिळतो?"

या सगळ्यात मी गप्प होतो. मामांना वाटले पाहुणा कंटाळला. म्हणाले, "तुमच्या गोव्याला फुटबॉलच चालत असेल ना? तुम्ही काय खेळलात कधी?"

मी म्हटले, "कॉलेजच्या हॉकी संघात होतो."

"असं? कुठल्या जागेवर?"

"दुसरा गोलकीपर."

क्षणभर सगळे माझ्याकडे पाहत राहिले, मग हसले. मास्तरांनी विचारले, "किती मॅच?"

"एकही नाही."

त्या हसण्यात कुत्सितपणा नव्हता. मास्तरांनी तर माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला. पण रात्री झोप येईना. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची ती गोष्ट मी स्वतःही विसरलो आहे असे समजत होतो.

गोव्याला परतल्यावर मी जुने संघ शोधायला बसलो. आम्हा कारकुनांना दुसरे काही येत नसले तरी याद्या वाचता येतात. प्रत्येक ऑलिंपिकच्या यादीत दुसऱ्या गोलीचे नाव शोधायचे आणि त्याच्या वाट्याला काय आले ते पाहायचे, एवढेच ठरवले.

पहिले नाव मिळाले ते आर्थर हिंड. १९३२ ला पहिला गोली होता रिचर्ड अ‍ॅलन, नागपूरला जन्मलेला. हा अ‍ॅलन म्हणजे अजब माणूस. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्याने एकही गोल होऊ दिला नाही. तीन ऑलिंपिक खेळला आणि तिन्ही मिळून त्याच्यावर गोल झाले दोन. त्यांतला एक तो अमेरिकेचा. त्या वेळी अ‍ॅलन गोलमागे प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत उभा होता, अशी कथा आहे. खरी की खोटी, देव जाणे. २४ गोल दुसऱ्या बाजूला होत असताना गोलीने करायचे तरी काय? पण असा अ‍ॅलन हाताशी असतानाही जपानविरुद्धचा सामना दिला तो हिंडला. हिंडने एक सामना खेळला, त्याच्यावर एक गोल झाला आणि त्याला सुवर्णपदक मिळाले.

बर्लिनलाही तेच. १९३६ च्या पाच सामन्यांपैकी चार अ‍ॅलनने खेळले आणि एक सिरिल मिची याने. संपूर्ण स्पर्धेत भारतावर एकच गोल झाला, तो अंतिम सामन्यात जर्मनीचा. त्या दिवशी अ‍ॅलन उभा होता. भारताने तो सामना ८-१ असा जिंकला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी बदली खेळाडूची सोयच नव्हती. एकदा ११ जण उतरले की शेवटपर्यंत तेच. कोणी जखमी झाला तर उरलेल्यांनी निभवायचे. म्हणजे राखीव खेळाडूला मिळायचा तर अख्खा सामना, नाही तर काहीच नाही. आणि पदक मिळायचे ते मैदानात उतरलेल्यांनाच. तेव्हा हिंडला किंवा मिचीला तो एक सामना देणे म्हणजे पदक देणे होते. प्रतिस्पर्धी दुबळे होते म्हणून हे परवडले असे कोणी म्हणेल. मान्य. पण दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढेही आपला हुकमी माणूस उभा करण्याचा मोह होतोच. तो त्यांनी दोन्ही वेळा आवरला, एवढे मला दिसले.

बर्लिनचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण संघात काय कमी आहे हे ओळखण्याचा एवढा मोठा धडा दुसरा नसेल. स्पर्धेआधी १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला आणि भारत चक्क १-४ असा हरला. कर्णधार ध्यानचंदांची झोप उडाली. आघाडीच्या फळीत उजवीकडे पोकळी आहे हे सगळ्यांना दिसत होते. हिंदुस्थानात तार गेली, दाराला पाठवा. अली इक्तिदार शाह दारा हा लष्करातला खेळाडू. तो विमानाने निघाला, ज्या काळात विमानाने जाणे हीच बातमी होती. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याला येऊन उभा राहिला आणि भारताने तो सामना १०-० असा जिंकला. हाच दारा १९४८ ला लंडनमध्ये पाकिस्तानचा कर्णधार होता. आज असे तार करून खेळाडू मागवता येणार नाही, याद्या कधीच्या बंद झालेल्या असतात.

१९४८ आले की गोमंतकीयांनी जरा ताठ बसावे. लंडनला ब्रिटनच्या संघाला वेंब्लीवर ४-० असे हरवून स्वतंत्र भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्ण घेतले, तेव्हा गोलमध्ये उभे होते लिओ पिंटो. नैरोबीत जन्मलेला, मुंबईत नावारूपाला आलेला हा गोंयकार तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याच संघात मुंबईचे वॉल्टर डिसोझा आणि मॅक्सी वाझ हेही होते. आपल्याकडे फुटबॉलपटूंची नावे पोरासोरांना पाठ असतात, पण पिंटोंचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मी स्वतः चाळिशी उलटल्यावर वाचले, तेव्हा दुसऱ्यांना काय बोलणार.

पिंटोंच्या मागे दुसरा गोली होता मद्रासचा रंगनाथन फ्रान्सिस. रंगूनला जन्मलेला, मद्रास पोलिसांत नोकरी. १९४८ ला दुसरा. चार वर्षांनी हेलसिंकीला तोच पहिला झाला. अंतिम सामन्यात हॉलंडला ६-१ असे हरवले तेव्हा गोलमध्ये फ्रान्सिस होता आणि त्याच्या मागे आता चिनदुराई देशमुथू दुसरा होता. आणखी चार वर्षांनी, १९५६ ला मेलबर्नला, फ्रान्सिस पुन्हा दुसरा. पहिला होता महूचा शंकर लक्ष्मण. त्या स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. फ्रान्सिसने तिसरे सुवर्ण घेतले.

दुसरा, मग पहिला, मग पुन्हा दुसरा. मला या माणसाचे फार वाटते. पहिल्या जागेवर चार वर्षे काढल्यावर पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि एका नव्या पोराला सांभाळून घ्यायचे, हे किती जणांना जमेल? आमच्या कार्यालयात एखाद्याला वरच्या जागेचा तात्पुरता भार मिळतो आणि सहा महिन्यांनी पुन्हा मूळ टेबलावर यावे लागते. तो पुढे वर्षभर कोणाशी धड बोलत नाही. असो.

शंकर लक्ष्मणविषयी लिहायचे तर वेगळा लेख लागेल. फौजेत बँडमध्ये भरती झालेला हा पोरगा पुढे मराठा लाइट इन्फंट्रीचा कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. १९५६ आणि १९६४ च्या अंतिम सामन्यांत पाकिस्तानला त्याने एकही गोल करू दिला नाही, दोन्ही वेळा भारत १-० असा जिंकला. मधला १९६० चा रोमचा सामना तेवढा ०-१ असा गेला. १९६६ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता आणि सुवर्ण घेऊन आला. गोलीने कर्णधार व्हायचे ही तेव्हा नवलाईची गोष्ट होती. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. पायाला गँगरीन झाले आणि २९ एप्रिल २००६ ला महूला तो वारला. ज्या पायांनी इतके गोल अडवले त्यांतलाच एक सडला, हे वाचून मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही.

पुढची वर्षे मी भराभर चाळली. नियम बदलत गेले, गवत जाऊन कृत्रिम मैदान आले, १९९० च्या दशकापासून खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येऊ लागले. त्यामुळे बाकावरच्या सगळ्यांना खेळायला मिळू लागले, एक गोली सोडून. गंमत पाहा, ज्या नियमाने राखीव खेळाडू हा प्रकारच जवळजवळ संपवला, त्यानेच दुसऱ्या गोलीला पक्का राखीव करून टाकले. विश्वचषकात १८ जण असतात, तेथे दोन गोली बसतात. ऑलिंपिकच्या १६ मध्ये एकच घेण्याचा प्रघात पडला. दुसरा आता बाकावरही नसतो, गॅलरीत असतो. हिंडला जे १९३२ ला मिळाले ते पाठकला २०२१ आणि २०२४ ला मिळाले नाही, याला त्याचा खेळ कारण नाही, ही मोजणी कारण आहे.

आणि तरीही दुसऱ्याची वेळ येते, ती बहुधा कोणाच्या तरी दुखापतीने. २००९ च्या जुलैत पुण्याला बालेवाडीच्या शिबिरात सराव करताना गोल्फचा चेंडू बलजित सिंहच्या उजव्या डोळ्यावर बसला आणि देशाच्या गोलीची कारकीर्द त्या एका फटक्यात गेली. त्या वेळी मागे वाट पाहणाऱ्यांत श्रीजेश होता. होय, तोच. २००६ ला पदार्पण केल्यावर कितीतरी वर्षे तो एड्रियन डिसोझा आणि भरत छेत्री यांच्या मागे उभा होता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कर्णधार आणि गोली छेत्री होता, श्रीजेश संघात होता. नंतर ज्याची जर्सी निवृत्त केली तो माणूस आधी असा वाट पाहून आलेला आहे.

मग त्याच्या मागेही एक उभा राहिला. यवतमाळचा आकाश चिकटे. २०१६ ला मलेशियात कुआंतानला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी होती. श्रीजेशने कोरियाविरुद्धचा उपांत्य सामना शूटआऊटमध्ये जिंकून दिला, पण दुखापतीमुळे अंतिम सामन्याला उतरला नाही. समोर पाकिस्तान. तारीख ३० ऑक्टोबर, घरोघरी लक्ष्मीपूजन. चिकटे उभा राहिला आणि भारत ३-२ असा जिंकला. पुढच्या वर्षी श्रीजेशचा गुडघा गेला तेव्हा चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा या दोन मराठी मुलखातल्या पोरांवर संघाचा गोल आला. त्या वर्षी ढाक्याला आशिया चषक मिळाला. ६ डिसेंबर २०१७ ला भुवनेश्वरला बेल्जियमशी ३-३ अशी बरोबरी झाली आणि शूटआऊटमध्ये चिकटेने भारताला पुढे नेले. बेल्जियम! पुढच्याच वर्षी विश्वविजेता झालेला संघ. पीटी मास्तर म्हणतात तसे आवाज बदलला म्हणून कोणाचे पाय अडखळलेले दिसले नाहीत.

मास्तरांचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण ते ऐकताना मला माझेच कॉलेज आठवत होते. १९९० च्या दशकात आमच्या कॉलेजात हॉकीचा संघ होता. खरे तर फुटबॉलच्या संघात जागा न मिळालेल्यांचा तो संघ. त्यातही गोलीच्या पॅडची जोडी एकच. पहिला गोली ती बांधून सराव करायचा आणि मी गोलमागे उभा राहून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचो. दोन वर्षे हेच. पॅड बांधल्याशिवाय चेंडू अंगावर घेता येत नाही, आणि चेंडू अंगावर घेतल्याशिवाय कोणी गोली होत नाही. शेवटच्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात आम्ही ४-० असे पुढे होतो, दहा मिनिटे उरली होती. सरांनी माझ्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले. त्याचे पॅड सोडून माझ्या पायाला बांधायचे म्हणजे पाच मिनिटे जाणार, तोवर खेळ थांबवायचा कसा? त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मैदानाकडे वळले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण ती मान हललेली मला अजून दिसते.

२०२३ ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा म्हापशाला पेड्याच्या मैदानावर हॉकी पाहायला गेलो होतो. सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघांचे दुसरे गोली आपापल्या पहिल्याला चेंडू मारून सराव देत होते. दोघांनीही पूर्ण पॅड बांधलेले. प्रत्येकाला स्वतःची जोडी! मी ते पाहून मुलाला म्हटले, बघ, केवढी प्रगती. त्याला काही कळले नाही.

ग्वाल्हेरला निघायच्या आदल्या दिवशी मामा मला कंपूच्या क्रीडासंकुलात घेऊन गेले. मध्य प्रदेश सरकारने २००६ ला सुरू केलेली महिला हॉकी अकादमी तेथे आहे. निळ्या मैदानावर पाण्याचे फवारे चालले होते आणि मुली रांगेने चेंडू मारत होत्या. शहरातली ईशिका चौधरी येथूनच भारताच्या संघात गेली. मणिपूरची बिचू देवी खरीबम ही गोलीही येथेच शिकलेली. त्याच दिवसांत बिहारमध्ये राजगीरला महिलांची आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी चालली होती. संघात दोन गोली होत्या, सविता पुनिया आणि बिचू. सविता दहा-बारा वर्षे पहिली. २० नोव्हेंबरला आपण चीनला १-० असे हरवून ती स्पर्धा जिंकली.

अकादमीच्या कुंपणाशी उभे राहून मामा म्हणाले, "आमच्या गावाने स्टेडियमला धाकट्या भावाचे नाव दिले. आणि ही पोरगी इथून गेली तीही दुसरीच." मग थोडे थांबून, "पण तिला पॅड आहेत हो!" मी त्यांना पॅडची गोष्ट आदल्या रात्री सांगितली होती.

पुरुषांच्या संघात पाठकला अखेर जागा मिळाली. २०२४ च्या सप्टेंबरात हुलुनबुईरला तो आणि करकेरा असे दोन गोली होते आणि भारताने आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. ७ सप्टेंबर २०२५ ला राजगीरला कोरियाला ४-१ असे हरवून आशिया चषकही घेतला, तेव्हाही यादीत हीच दोन नावे. अनुभव नाही म्हणणारे आता दुसऱ्या विषयावर बोलत आहेत.

त्याच महिन्यात चीनमध्ये हांगझोऊला महिलांचा आशिया चषक होता. सविता दुखापतीमुळे नव्हती. संघाची यादी आली त्या दिवशी कार्यालयातून घरी पोचतो न पोचतो तोच मामांचा फोन. "जावईबापू, पाहिलंत? बिचू!" अंतिम सामन्यापर्यंत ते प्रत्येक सामन्यानंतर फोन करत होते. १४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात चीनने आपल्याला ४-१ असे हरवले. त्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला. वाटले, म्हातारा खट्टू झाला असेल, चार गोल झाले, सवितेचे नाव काढील.

मामांनी निकालाचा विषयच काढला नाही. म्हणाले, "ते राहू द्या. हिच्या मागे दुसरी कोण आहे, ते सांगा."

मी यादी काढून पाहिली आणि सांगितले, बन्सरी सोलंकी.

"लिहून घेतो," म्हणाले. "थांबा, चष्मा आणतो."